हिवाळ्यात घराच्या खिडक्या बदलताना

(सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्यासाठी तालुका पातळीवर भरलेल्या अभ्यासवर्गात एका निवृत्त शाखा अभियंत्याने केलेल्या भाषणाचा हा लेखी पाठ.)



पाणीपुरवठा, घनकचरा, करवसुली अशा भारदस्त विषयांच्या रांगेत आज खिडकीसारख्या किरकोळ वस्तूला जागा मिळाली, याबद्दल मी संयोजकांचा आभारी आहे. कार्यक्रमपत्रिका हाती पडल्यावर काहींच्या चेहऱ्यांवर हसू उमटले, तेही माझ्या नजरेतून सुटले नाही. ते स्वाभाविकच आहे. घर म्हटले की आपण भिंती आणि छप्पर यांचा विचार करतो, दरवाजाची तर पूजाही करतो; खिडकी मात्र उरल्यासुरल्या पैशांत बसवली जाते. पस्तीस वर्षे बांधकामाच्या मोजमापात घालवल्यानंतर मला असे दिसून आले आहे की, घरात राहणाऱ्या माणसाच्या प्रकृतीवर छपराच्या खालोखाल परिणाम कशाचा होत असेल, तर तो या उरल्यासुरल्या पैशांतील वस्तूचा.

विषय हिवाळ्यासाठी का निवडला, ते प्रथम सांगतो. आपल्याकडे घरदुरुस्तीचे काम पूर्वापार दिवाळी ते होळी या काळात चालत आले आहे, आणि त्यामागे निव्वळ सवड हे कारण नाही. पावसाळ्यात भिंत पाणी पिते. ओल्या भिंतीत बसवलेली चौकट भिंत वाळताना सैल पडते. लाकडाचेही तसेच. पावसात ते फुगते, कोरड्या हवेत आटते. आणि आटते ते लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. ज्या कोणी श्रावणात झडप रंधून चौकटीत अगदी बरोबर बसवली असेल, त्याच्या झडपेला माघ महिन्यात बोटभर फट पडलेली दिसेल. उलट कोरड्या हिवाळ्यात झडप घट्ट बसवली, तर ती पुढच्या आषाढात उघडेनाशी होते. म्हणून जुने सुतार हिवाळ्यात झडप बसवताना चौकटीच्या कडेने एका नाण्याच्या जाडीइतकी जागा राखून ठेवीत. कोकणातील सुतार दोन नाणी धरीत. कारण तेथील पावसाळी हवा लाकडाला अधिक फुगवते. हे हिशेब कोणत्याही दरसूचीत नाहीत.

हिवाळा सोयीचा असला तरी तो निर्धोक मात्र नाही. भिंतीतून खिडकी काढली आणि संध्याकाळपर्यंत दुसरी बसली नाही, तर निफाड, तोरणमाळ किंवा गोंदियाकडील रात्र भोकातून सरळ घरात शिरते. त्या घरात म्हातारे माणूस असेल, तान्हे मूल असेल, तर काय होते हे मी सांगायला नको. या कामाची पद्धत मी पुढे सांगणार आहे. पण त्याआधी मला माझ्याच कारकिर्दीतील एक चूक आपणासमोर मांडावयाची आहे. तिच्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. कनिष्ठ अभियंता म्हणून एका वसाहतीतील घरकुलांचे मोजमाप माझ्याकडे होते. नकाशात प्रत्येक घराला तीन फूट रुंद व चार फूट उंच अशा दोन खिडक्या दाखवल्या होत्या. प्रत्यक्षात जागेवर आल्या त्या दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंचीच्या लोखंडी तयार खिडक्या. मार्चअखेर जवळ आली होती. काम अडवले तर निधी परत जाणार आणि लोक पुन्हा पालांत राहणार, असे मला सांगण्यात आले. आणि ते खोटेही नव्हते. मी किमतीतील फरक वजा केला, मोजमाप पुस्तिकेत तशी नोंद केली, सही केली. कागदोपत्री माझे काम निर्दोष होते. शासनाचा एक पैसाही वाया गेला नव्हता. वाया गेले होते ते दर घरामागे चौदा चौरस फूट उजेड आणि हवा; आणि त्यांचा रकाना पुस्तिकेत नव्हता.

पुढे बऱ्याच वर्षांनी, डिसेंबर महिन्यात, दुसऱ्याच कामानिमित्त मी त्या वसाहतीत गेलो. सकाळचे सात वाजले असतील. एका घरात वृद्ध बाई चुलीपुढे बसल्या होत्या. खिडकीत पोते कोंबलेले होते, कारण लोखंडी झडप वाकलेली आणि कडी कधीच निघून गेलेली. घरभर धूर. कोपऱ्यात नातू वाकळेत गुरफटून खोकत होता. मी म्हणालो, “आजी, पोते काढा की, धूर जाऊ द्या.” त्या शांतपणे म्हणाल्या, “उघडली तर गारठा, झाकली तर धूर. आता तुम्हीच सांगा सायेब, काय करू?”

त्यांनी मला ओळखलेले नव्हते. ही खिडकी कोणाच्या सहीची आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. मी काही उत्तर न देता बाहेर आलो. आज जे काही मी आपल्यासमोर मांडणार आहे, ते त्या आजींच्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे, असे समजावे.

त्या प्रश्नाचा नीट विचार केला तर असे दिसते की, आपण खिडकीकडून परस्परविरोधी अशी दोन कामे मागतो. तिने थंडी बाहेर ठेवावी आणि धूर बाहेर काढावा. उन्हाळ्यात हा पेच पडत नाही, पावसाळ्यात थोडा पडतो. हिवाळ्यात मात्र तो रोज रात्री पडतो, आणि बहुतेक घरांत त्याचा निकाल एकाच बाजूने लागतो: खिडकी बंद होते. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने लाखो स्वयंपाकघरांत गॅस पोचला, ही मोठीच गोष्ट झाली. तरीही आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी बंब पेटतो, भाकरीसाठी चूल पेटते, अंग शेकण्यासाठी शेगडी घरात येते. ही सारी कामे थंडीत वाढतात. आणि धूर वाढण्याचे दिवस नेमके खिडकी झाकण्याचे दिवस ठरतात.

धूर निदान दिसतो, डोळ्यांना झोंबतो. त्याहून घातक वस्तू दिसतही नाही आणि वासही देत नाही. बंद खोलीत कोळसा जळत राहिला, हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला धरते त्याच्या दोनशेपटींहून अधिक जोराने या वायूला धरून ठेवते. माणसाला गुदमरल्यासारखे होत नाही. डोके जड होते, पेंग येते, आणि तो झोपेतच जातो. निखाऱ्यांवर राख आली, धूर थांबला, म्हणजे शेगडी निर्धोक झाली, असा समज सर्वत्र आहे. तो साफ चुकीचा आहे. धूर न देणारे निखारेच हा वायू अधिक देतात. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद करून बाजेखाली शेगडी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. तिच्यामागील मायेला माझा नमस्कार. परंतु शेक घेऊन झाल्यावर शेगडी खोलीबाहेर गेलीच पाहिजे, आणि शेक चालू असताना वरचा झरोका उघडा राहिलाच पाहिजे. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत याच वायूचे दुसरे घर म्हणजे बिनखिडकीच्या न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर. येथे बसलेल्या प्रत्येकाने आज घरी जाऊन आपले न्हाणीघर एकदा पाहून घ्यावे.

हवा-उजेडाचा हा प्रश्न आपल्या राज्याला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा अंधाऱ्या खोल्यांत ऊन आणि वारा शिरावा म्हणून सरकारी माणसे घरांची कौलेच काढीत. लोकांना तो जुलूम वाटला, आणि ज्या धसमुसळेपणाने ते झाले ते पाहता वाटणे साहजिकच होते. पुढे १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ साली राहत्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान दिले. त्या काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आला. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा की, खिडकीसमोरील इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे नंतर सिद्ध झाले. तेव्हा कौले काढून तो आटोक्यात येणारा नव्हता. परंतु क्षयाच्या बाबतीत तीच दृष्टी बरोबर ठरली. रॉबर्ट कॉक यांनी क्षयाच्या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. हा जंतू रोग्याच्या खोकल्यातून हवेत जातो आणि कोंडलेल्या खोलीत तासन् तास तरंगत राहतो. औषध रोग्याला बरे करते. पण औषध सुरू होण्यापूर्वी घरातील इतरांना वाचवण्याचे काम हवेच्या येण्याजाण्यालाच करावे लागते.

आता थोडा हिशेब. राष्ट्रीय इमारत संहितेत खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाशी खिडक्यांचे प्रमाण दिले आहे. उष्ण व कोरड्या हवामानात एक-दशांश, मध्यम हवामानात एक-अष्टमांश, उष्ण व दमट हवामानात एक-षष्ठांश. थंड प्रदेशासाठीसुद्धा एक-द्वादशांशाहून कमी नाही. दरवाजा यात धरावयाचा नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. ढोबळमानाने सारे घर एकत्र धरले, तरी मराठवाड्यात किंवा विदर्भात सत्तावीस चौरस फूट खिडक्या हव्यात, आणि कोकणात पंचेचाळीस. तीन बाय चारच्या दोन खिडक्या बसवल्या तर चोवीस होतात. म्हणजे कोरड्या भागातील किमान गरजही पूर्ण होत नाही. बाजारात मिळणाऱ्या अडीच बाय तीनच्या दोन खिडक्या बसवल्या तर पंधराच. आणि माझ्या सहीच्या दोन खिडक्यांचे क्षेत्र भरले होते दहा.

येथे एक सावधगिरीची सूचना. हल्ली अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची आवड वाढली आहे. त्या देखण्या आहेत, पावसाला बऱ्या आहेत. परंतु दोन तावदानांची सरकखिडकी कितीही सरकवली तरी एका वेळी निम्मीच उघडते. उजेडासाठी तिचे माप पूर्ण धरा. हवेसाठी मात्र निम्मेच धरा. जुनी बाहेर उघडणारी दुझडपी खिडकी काढून त्याच मापाची सरकखिडकी बसवणाऱ्याने आपल्या घरातील वारा अर्ध्यावर आणला, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

मग आधीच बांधलेल्या घरात खिडकी मोठी करावयाची कशी? बहुतेक जण ती रुंद करू पाहतात आणि तेथेच फसतात. रुंदी वाढवायची तर वरची तुळई, ज्याला आपण लिंटेल म्हणतो, ती बदलावी लागते. भिंतीला टेकू द्यावे लागतात. खर्च वाढतो आणि धोकाही. त्याऐवजी विटांच्या भिंतीत खिडकी खाली वाढवावी. खिडकीखालील भिंतीचा तेवढा भाग उतरवला तर लिंटेलला हात लागत नाही, कारण तिच्यावरील भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरत असतो. तीन फुटांवरचा तळ सव्वा फुटावर आणला की अडीच फुटांची खिडकी सव्वाचार फुटांची होते. आपली माणसे जमिनीवर बसतात, जमिनीवर झोपतात. त्यांच्या अंगाला लागेल असा वारा आणि दिसेल असा उजेड खालूनच यावयास हवा. उंच तळाची खिडकी ही खुर्चीवर बसणाऱ्यांच्या नकाशातून आपल्या घरकुलात आली, असे माझे मत आहे. लहान मुले घरात असतात, तेव्हा गज मात्र पक्के आणि जवळजवळ असावेत.

खालचा भाग मोठा झाला, आता आजींच्या प्रश्नाचे दुसरे अंग. धूर वर जातो, गरम हवा वर जाते. माणूस खाली झोपतो. मग एकाच झडपेने दोन्ही कामे कशाला करावीत? छपरालगत, शक्यतो चुलीच्या वर, एक बाय दीड फुटाचा जाळीचा झरोका ठेवावा. त्याला झडप असू नये, असल्यास ती पूर्ण बंद होऊ नये. खालची मोठी खिडकी रात्री घट्ट लावून घ्यावी. दाराखालून किंवा समोरच्या भिंतीतील जाळीतून थोडी ताजी हवा आत येत राहते, वरून वापरलेली हवा निघून जाते, आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावर वाऱ्याचा झोत येत नाही. आपल्या जुन्या घरांत धुराडे होते, कौलांत काचेचे कौल होते, मातीच्या धाब्यात उजेडाचे भोक होते. स्लॅब आला आणि ही सारी भोके बुजली. नवे घर पक्के झाले, पण त्याला नाक राहिले नाही.

दिशेविषयीही चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण खिडकी बदलण्याच्या निमित्ताने कोणती खिडकी मोठी करावी हे ठरवता येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्या राज्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४५ ते ५० अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेकडील खिडकीतून ऊन थेट आत, जमिनीपर्यंत येते. मे महिन्यात तोच सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आणि दीड फुटाचा छज्जा दक्षिणेकडील खिडकी पूर्ण झाकून टाकतो. म्हणजे दक्षिणेची खिडकी थंडीत ऊन देते आणि उन्हाळ्यात अडवते. याच्या उलट गुण पश्चिमेच्या खिडकीचा. ती वैशाखात घर भाजून काढते. गावागावांत दक्षिण दिशेविषयी भीती आहे, हे मला ठाऊक आहे. मी कोणाच्या श्रद्धेला हात घालत नाही. दक्षिणेला दरवाजा नको असेल तर नसू द्या. परंतु अंथरूण वाळवणारे आणि म्हाताऱ्याचे सांधे शेकणारे हिवाळ्यातील ऊन त्या बाजूनेच येते, एवढे लक्षात ठेवा.

आतापर्यंत बोललो ते विटांच्या भिंतींविषयी. दगड-मातीच्या जाड भिंतींना हे जसेच्या तसे लागू करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील हजारो माणसे अशाच भिंतींखाली आणि धाब्याच्या ओझ्याखाली गाडली गेली. या भिंती बाहेरून एकसंध दिसतात, पण पुष्कळदा त्या दोन स्वतंत्र पदरांच्या असतात. मधे माती आणि खडी. दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड नसले, तर एक दगड ओढताच शेजारचे चार सुटतात. अशा भिंतीत नवी खिडकी पाडण्यापूर्वी अभियंत्याला दाखवावे. कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर राहावे, दोन खिडक्या एकमेकींना खेटून घेऊ नयेत. जुनी खिडकी आहे त्याच मापात बदलावी आणि उजेड-वाऱ्यासाठी छपराचा मार्ग शोधावा, हे अशा घरांना अधिक शहाणपणाचे.

लाकूड घ्यावे की लोखंड, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात साधे लोखंड टिकत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावे. इतरत्र लोखंड चालते, मात्र बसवण्यापूर्वी रेड ऑक्साइडचा हात सर्व अंगांना, भिंतीत जाणाऱ्या बाजूलाही, दिलेला असावा. ती बाजू नंतर कोणालाच रंगवता येत नाही. लाकूड घ्यायचे तर ते दसऱ्याच्या सुमारास घेऊन सावलीत, थराथरांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवावे आणि वाळल्यावरच सुताराच्या हाती द्यावे. आंबा-बाभळीच्या ओल्या लाकडाची खिडकी स्वस्त पडते, आणि चैत्रात तिचे सांधे उघडतात.

पण नवे घेण्याआधी जुने पाहावे. वाड्यांतील, जुन्या घरांतील सागवानी चौकटी काढून विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात. शंभर वर्षांच्या चौकटीचा खालचा हातभर भाग तेवढा कुजलेला असतो. वरचे सागवान आज मागूनही मिळणार नाही अशा प्रतीचे असते. घरमालक ती मातीमोलाने देतो आणि वर पैसे घालून पातळ पत्र्याची खिडकी आणतो. कुजलेला भाग कापून तेथे नवा तुकडा सांधणारा सुतार अजून तालुक्यात सापडतो. त्याला बोलवावे. वाळवी लागलेली असेल तर मात्र दयामाया नको. चौकट बाहेर काढावी आणि तिच्या मागची मातीही.

आता प्रत्यक्ष कामाचा दिवस. नवी खिडकी दारात येऊन उभी राहिल्याशिवाय जुनीला हात लावू नये. हा पहिला आणि जवळजवळ शेवटचा नियम. “उद्या येते” असे सांगितलेली खिडकी आठ दिवसांनी येते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. भोक आणि खिडकी यांची मापे आडवी, उभी आणि तिरपी, तिन्ही घ्यावीत. दोन तिरपी मापे सारखी नसतील तर भोक गुण्यात नाही. एका दिवशी एका खोलीतील एकच खिडकी घ्यावी. ऊन चढल्यावर, नऊ-साडेनऊला, काम सुरू करावे. त्या दिवशी म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी ठेवावीत. चौकट ओळंब्यात उभी करून पाचरी मारून पक्की करावी, दोन्ही बाजूंचे लोखंडी पकडपाय भिंतीत घट्ट बसवावेत, आणि मग कडेच्या फटी सिमेंटच्या मालाने भराव्यात. मावळतीपूर्वी झडप लागली पाहिजे.

हिवाळ्यात गवंडी एक चूक हमखास करतो. थंडी आहे, माल आपोआप ओला राहील, असे समजून तो पाणी मारत नाही. आपला हिवाळा थंड असला तरी कोरडा असतो आणि वारा वाहता असतो. माल वरून लवकर सुकतो, आणि गारव्यामुळे आतून उशिरा घट्ट होतो. तेव्हा सात दिवस बाहेरून ओले गोणपाट लावून ठेवावे. घाई केलेल्या फटी पहिल्या पावसात पाणी आत घेतात. खिडकीचा तळ बाहेरच्या बाजूला थोडा उतरता असावा, हे सांगायचे राहून जाते. समपातळीच्या तळावर पाणी साचते आणि चौकट तेथूनच कुजते. थंड देशांत दुहेरी काचा लावतात, तशा लावाव्यात का, असे मला एका सरपंचांनी विचारले होते. आपल्या थंडीला त्यांची गरज नाही. आपल्याकडे थंडी काचेतून नव्हे, फटीतून येते. झडप नीट बसली, कडी लागली, तर एकेरी काच पुरेशी आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी माझ्या बोलण्यात आपला भाग कोठे, असा विचार केला असेल. वर्गखोल्यांच्या खिडक्या चोरी, माकडे किंवा वारा या कारणांनी पत्रा ठोकून बंद केलेल्या मी पुष्कळ पाहिल्या. बहुसंख्य मुले उजव्या हाताने लिहितात. उजेड डावीकडून आला तर हाताची सावली अक्षरावर पडत नाही. तेव्हा डाव्या हाताची एक खिडकी बंद झाली तर मुलांचे अक्षर आणि डोळे दोन्ही बिघडतात. दुसरी विनंती अशी: पाचवी-सहावीच्या मुलांना क्षेत्रफळ आणि अपूर्णांक शिकवायचेच असतात. त्यांना टेप देऊन प्रत्येकाच्या घराची जमीन आणि खिडक्या मोजून आणावयास सांगा. चाळीस मुलांची वही म्हणजे चाळीस घरांची पाहणी होते, आणि घरी “आपली खिडकी विसावा हिस्सासुद्धा नाही” हे आईबापांना मुलाच्या तोंडून कळते. ते माझ्या तोंडून कळण्यापेक्षा अधिक परिणामकारक आहे.

पंचायतीने काय करावे? निधीचीच वाट पाहावी असे नाही. वीस घरांची मागणी एकत्र केली, तर लोखंडी खिडक्या करणारा कारागीर तयार मापाचा हट्ट सोडतो आणि आपल्या मापाच्या खिडक्या करून देतो. खिडकी वजनावर विकली जाते, त्यामुळे दर एकत्र ठरवता येतो. घरकुलांच्या पाहणीला जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी छायाचित्र घराच्या दर्शनी भागाचे घेतात तसे एक खिडकीचेही घ्यावे, टेप लावून. चुकीचे माप पाया-जोत्यावर असतानाच अडवता येते. मार्चमध्ये ते कोणालाच अडवता येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. बाळंतीण किंवा क्षयरोगी असलेल्या घरांची यादी आशा कार्यकर्तीजवळ असते. त्या घरांच्या खिडक्या आधी घ्याव्यात. मात्र रोगाचा उच्चार चावडीवर होऊ नये.

त्या वसाहतीत मी नंतर पुन्हा गेलो, निवृत्तीच्या वर्षी. आजी राहिल्या नव्हत्या. नातू पंचवीस-सव्वीस वर्षांचा, गवंडीकाम करणारा. माझ्या पैशाने ती खिडकी बदलून देतो, असे मी त्याला म्हणालो. त्याने खिडकीचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. तळ सव्वा फुटापर्यंत त्याने स्वतःच उतरवला आणि चुलीवर झरोकाही काढला. त्या वसाहतीतील आणखी सहा-सात घरांनी पुढच्या थंडीत ते पाहून तसेच केले. बाकीची घरे अजून आहेत तशीच आहेत.

आज सकाळी येथे लवकर आलो, म्हणून या सभागृहाच्या खिडक्याही मोजल्या. एकूण आठ आहेत. त्यांतील तीन पडद्यावर उजेड पडू नये म्हणून प्लायवूड ठोकून बंद केलेल्या आहेत. पडदा आज वापरावयाचा नाही. भोजनाच्या सुट्टीत कोणी पाना-पकड आणून दिली, तर त्या उघडता येतील.